छोट्या देशाचा मोठा मांडव



आज मी रग्बी या खेळाबद्दल बोलणार आहे असं म्हटलं, तर चंद्रपूर-गडचिरोलीकडची बरीच मंडळी रेडिओचा कान पिळतील. आमच्याकडे कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, फार तर क्रिकेट. हे रग्बी कुठून काढलंत, असं म्हणतील. पण जरा थांबा. मला खेळाबद्दल थोडं आणि यजमानपणाबद्दल जास्त बोलायचं आहे. आणि यजमानपण काय असतं हे झाडीपट्टीतल्या माणसाला शिकवायला नको.

सुरुवातीला एक साधा हिशोब मांडतो. २०११ च्या जनगणनेत चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या २२ लाख ४ हजार आणि गडचिरोलीची १० लाख ७३ हजार भरली. दोन्ही मिळून पावणेतेहतीस लाख. १९८२ साली गडचिरोली वेगळा होण्यापूर्वी हा एकच जिल्हा होता. दोघांचं मिळून क्षेत्रफळ साधारण २५ हजार ८०० चौरस किलोमीटर. आता ब्रिटनच्या पश्चिम टोकाला असलेला वेल्स हा देश घ्या. त्याच वर्षीच्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ३० लाख ६३ हजार, आणि क्षेत्रफळ २१ हजार चौरस किलोमीटरच्याही आत. म्हणजे माणसांनीही आणि जमिनीनंही आपल्या दोन जिल्ह्यांपेक्षा थोडा लहानच. आणखी एक साम्य आहे. त्यांच्याही जमिनीखाली कोळसा आणि आपल्याही.

तर या एवढ्याशा वेल्सनं १९९९ साली रग्बीच्या विश्वचषकाचं यजमानपद केलं. वीस देशांचे संघ आले, एक्केचाळीस सामने झाले आणि अंतिम सामना त्यांच्या राजधानीत, कार्डिफला, खेळला गेला. आपल्या दोन जिल्ह्यांनी मिळून एखाद्या खेळाचा विश्वचषक भरवावा, अशातली ही गोष्ट. ती त्यांना कशी जमली, त्यासाठी त्यांनी काय दिलं आणि नंतर त्यांच्या हाती काय राहिलं, ते आज बघू.

आधी खेळाची तोंडओळख. रग्बीत एका बाजूला पंधरा खेळाडू असतात. चेंडू लंबगोल, पपईच्या आकाराचा. तो हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा. गंमत अशी की हातानं चेंडू पुढे फेकायला मनाई आहे. सोबत्याला द्यायचा तर बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो. आणि ज्याच्या हातात चेंडू, त्याला कमरेला मिठी घालून खाली पाडायचं. कबड्डीत चढाईवर आलेल्याला आपली पोरं कशी धरतात, ते ज्यांनी बघितलं आहे त्यांना यातलं निम्मं समजलं.

हा खेळ भारताला अगदीच परका आहे असंही नाही. इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्या करंडकासाठी खेळतात, त्याचं नाव 'कलकत्ता कप'. कलकत्त्यातल्या गोऱ्या मंडळींचा एक रग्बी क्लब १८७८ च्या सुमारास बंद पडला. तेव्हा बँकेत उरलेले चांदीचे रुपये त्यांनी काढले, वितळवले आणि त्यांचा हा करंडक घडवून इंग्लंडला दिला. त्याच्या तीन मुठी म्हणजे तीन नाग आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. आणि अगदी अलीकडचं सांगायचं तर २००७ साली लंडनला चौदा वर्षांखालच्या शाळकरी मुलांची आंतरराष्ट्रीय रग्बी स्पर्धा झाली. ती भुवनेश्वरच्या कलिंग सामाजिक संस्थेतल्या आदिवासी मुलांनी जिंकली. ओडिशाच्या जंगलातली ही पोरं, आपल्या भामरागड-एटापल्लीच्या पोरांसारखीच.

आता मांडवाकडे येतो. धानाची कापणी-मळणी उरकली की झाडीपट्टीत मंडई भरते, कुठे शंकरपट असतो आणि रात्री नाटक. नाटक कसं ठरतं, हे तुम्हाला माहीत आहे. गावातलं मंडळ वडशाला जातं, नाटक कंपनीशी बोलणी करतं, विसार देतं. नाटक कंपनीची रक्कम ठरलेली. नाटक रंगो न रंगो, ती द्यायचीच. तिकीटविक्रीचा पैसा मंडळाचा. चार पैसे उरले तर शाळेला, देवळाला, समाजमंदिराला लावायचे. तूट आली तर मंडळाच्या पोरांनी आपल्या खिशातून भरायची. शिवाय घरोघरी पावणे उतरतात. लेकी-जावई येतात, सोयरे येतात, लग्नाची बोलणीही तिथेच होतात. गाव दोनशे उंबऱ्यांचं आणि मांडवात माणसं हजारांनी.

श्रोतेहो, जगातल्या मोठमोठ्या क्रीडास्पर्धांचा व्यवहार याच चालीचा आहे. न्यूझीलंडनं २०११ चा रग्बी विश्वचषक भरवला, तेव्हाचा करार बघा. दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणाचे आणि मोठ्या जाहिरातदारांचे पैसे आंतरराष्ट्रीय संघटनेकडे जाणार. यजमानांनी स्पर्धा भरवण्याबद्दल संघटनेला ठरलेली रक्कम द्यायची, आणि आपला खर्च काढायचा तो तिकिटांवर. तूट येणार, हे पहिल्यापासून धरूनच चाललं होतं. ती कोणी किती सोसायची, तेही आधीच लिहून ठेवलेलं होतं: दोन तृतीयांश सरकारनं आणि एक तृतीयांश त्यांच्या रग्बी संघटनेनं. शेवटी तूट आली ती तीन कोटी न्यूझीलंड डॉलरच्या थोडी वर. म्हणजे वडशाला विसार देणारं आपलं मंडळ आणि जागतिक संघटनेशी करार करणारा देश, दोघांच्या डोक्याला काळजी एकच.

म्हणून गावातली जाणती माणसं नाटक ठरवण्याआधी जे विचारतात, तेच देशांनीही विचारायला हवं. मांडव मिळवण्यासाठी आपण काय देऊन बसतो आहोत? तूट आली तर कोण भरणार? आणि मांडव उतरल्यावर आपल्याकडे काय राहणार?

वेल्सला हा मांडव हवा का होता, ते आधी समजून घेऊ. तिथल्या दक्षिणेकडच्या दऱ्यांमध्ये एकोणिसाव्या शतकात कोळशाच्या खाणी आणि लोखंडाचे कारखाने उभे राहिले. लांबलांबून माणसं कामाला आली. दिवसभर जमिनीखाली राबणाऱ्यांना शनिवारी दुपारी उघड्या आभाळाखाली खेळायला एक खेळ मिळाला, तो रग्बी. १८८१ साली त्यांची संघटना स्थापन झाली. इंग्लंडमध्ये हा खेळ बड्या घरच्या मुलांच्या शाळांमधून वाढला. वेल्समध्ये तो खाणकामगारांचा, शाळामास्तरांचा, गावाचा खेळ झाला. त्यांचा सगळ्यात नावाजलेला खेळाडू गॅरेथ एडवर्ड्स, तो खाणकामगाराचाच मुलगा.

मग खाणी बंद पडू लागल्या. १९८४-८५ साली खाणकामगारांचा वर्षभर चाललेला मोठा संप फसला आणि त्यानंतर दऱ्यांमधल्या खाणी एकामागून एक मिटल्या. कार्डिफच्या बंदरातून एके काळी जगभर कोळसा जायचा, ते बंदर सुनं झालं. १९९७ साली वेल्सनं आपली स्वतंत्र विधानसभा असावी की नाही, यावर मत दिलं. होकार आला तोही काठावर, शंभरात पन्नासच्या किंचित वर. मे १९९९ मध्ये त्या सभेची पहिली निवडणूक झाली आणि ऑक्टोबरमध्ये विश्वचषक सुरू झाला. एवढीशी जागा, शेजारी बलाढ्य इंग्लंड, पोटाचा धंदा गेलेला. अशा लोकांना जगाला सांगायचं होतं की आम्ही आहोत.

यजमानपदासाठी वेल्सची गाठ पडली ऑस्ट्रेलियाशी. ऑस्ट्रेलियाकडे मोठी मैदानं, मोठी शहरं. वेल्सनं शेजाऱ्यांशी बोलणी केली: तुम्ही आम्हाला पाठिंबा द्या, आम्ही तुम्हाला सामने देऊ. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड आणि फ्रान्स, चौघांनाही वाटा मिळाला. वीस संघांचे पाच गट पडले आणि प्रत्येक देशानं एकेक गट घेतला. दोन्ही उपांत्य सामने तर लंडनला झाले. यजमान वेल्स, आणि वेल्सचा सामान्य प्रेक्षक बहुतेक सामने दूरचित्रवाणीवर बघतो आहे, असा प्रकार. कार्डिफबाहेर वेल्समध्ये फक्त दोन सामने झाले, एक रेक्सहॅमला आणि एक लानेथ्लीला. मांडव मिळवायला वेल्सनं काय दिलं, याचं उत्तर हे: अर्धीअधिक पंगत त्यांनी शेजाऱ्यांच्या अंगणात मांडली.

पण एक गोष्ट त्यांनी सोडली नाही. अंतिम सामना कार्डिफलाच होईल, आणि त्यासाठी नवं मैदान बांधू. जुनं राष्ट्रीय मैदान पाडून त्याच जागी, नदीच्या काठी, शहराच्या ऐन मध्यावर 'मिलेनियम स्टेडियम' उभं राहिलं. सत्तर हजारांहून जास्त प्रेक्षक बसतील असं, आणि वर सरकतं छप्पर. पाऊस आला की मिटायचं. खर्च आला १२ कोटी १० लाख पौंड. त्यातले ४ कोटी ६० लाख राष्ट्रीय लॉटरीच्या निधीतून मिळाले, पण मोठा भार रग्बी संघटनेच्या कर्जाचाच. बांधणाऱ्या कंपनीचं मोठं नुकसान झालं. काम इतकं लांबलं की २६ जून १९९९ रोजी तिथे पहिला सामना झाला तेव्हा मैदान पुरं झालेलं नव्हतं आणि मोजक्याच प्रेक्षकांना आत सोडता आलं. त्या दिवशी वेल्सनं दक्षिण आफ्रिकेला २९-१९ असं हरवलं, इतिहासात पहिल्यांदाच.

प्रत्यक्ष स्पर्धेत वेल्सचा संघ उपांत्यपूर्व फेरीत त्याच मैदानावर ऑस्ट्रेलियाकडून हरला. ६ नोव्हेंबरला अंतिम सामना ऑस्ट्रेलियानं फ्रान्सविरुद्ध ३५-१२ असा जिंकला. ज्याच्याकडून मांडव हिसकला, तोच नवरदेव होऊन गेला, असं म्हणा हवं तर.

आणि मग सुरू झाली ती मांडव उतरल्यानंतरची गोष्ट. संघटना कित्येक वर्षं कर्जाच्या ओझ्याखाली होती. पण मैदान पडून राहिलं नाही. २००१ पासून २००६ पर्यंत इंग्लंडमधल्या सर्वात जुन्या फुटबॉल स्पर्धेचे, एफए कपचे, अंतिम सामने लंडनऐवजी कार्डिफला झाले, कारण लंडनचं वेम्बली मैदान नव्यानं बांधायला घेतलं होतं. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकचा सगळ्यात पहिला सामना, मुलींचा फुटबॉलचा, उद्घाटनाच्याही आधी याच मैदानावर झाला. रेल्वे स्टेशनपासून पायी पोचता येतं, त्यामुळे सामन्याच्या दिवशी सगळं शहर त्यात सामील होतं. शहराबाहेर माळावर बांधलं असतं, तर हे झालं नसतं. खाणींचं म्हणाल तर वेल्समधली शेवटची मोठी खोल खाण जानेवारी २००८ मध्ये बंद झाली. पोर्ट टॅल्बटच्या पोलाद कारखान्याची, म्हणजे आपल्या टाटांच्याच कारखान्याची, शेवटची झोतभट्टी सप्टेंबर २०२४ मध्ये विझली. कोळसा संपला, भट्टी विझली, मैदान मात्र भरतंय.

न्यूझीलंडचं थोडं वेगळं झालं. २००३ चा विश्वचषक ऑस्ट्रेलियाच्या जोडीनं त्यांच्याकडे व्हायचा होता. पण मैदानातल्या जाहिराती आणि आधीच विकलेल्या खास कक्षांवरून आंतरराष्ट्रीय संघटनेशी वाद झाला, अटी मान्य होईनात आणि २००२ साली त्यांचा वाटा काढून घेतला गेला. ज्या देशात पोर चालायला लागलं की त्याच्या हाती रग्बीचा चेंडू देतात, तिथे हे लोकांच्या जिव्हारी लागलं. संघटनेच्या वरिष्ठांना पायउतार व्हावं लागलं. मग २०११ च्या यजमानपदासाठी १७ नोव्हेंबर २००५ रोजी डब्लिनला मतदान झालं. समोर जपान आणि दक्षिण आफ्रिका. जपानकडे पैसा, आणि हा खेळ आशियात न्या, हा बिनतोड मुद्दा. न्यूझीलंडची लोकसंख्या तेव्हा जेमतेम ४१ लाख. त्यांच्या पंतप्रधान हेलन क्लार्क स्वतः डब्लिनला गेल्या. सगळा देशच ४० लाखांचं एक स्टेडियम होईल, असं त्यांनी सांगितलं, आणि तुटीची हमी सरकारनं घेतली. न्यूझीलंड जिंकलं. जपानला २०१९ चं यजमानपद मिळालं.

पण खरी परीक्षा पुढेच होती. २२ फेब्रुवारी २०११ रोजी क्राइस्टचर्च शहरात भूकंप झाला, १८५ माणसं गेली. तिथलं मैदान निकामी झालं आणि दोन उपांत्यपूर्व सामन्यांसह तिथले सगळे सामने दुसरीकडे न्यावे लागले. तरी सप्टेंबरमध्ये स्पर्धा ठरल्या दिवशी सुरू झाली. त्यात मला आवडलेली गोष्ट अशी की त्यांनी मोठ्या शहरांपुरते सामने ठेवले नाहीत. रोटोरुआ, इन्व्हरकार्गिल, व्हांगारेई ही आपल्या बल्लारपूर-भद्रावतीएवढी गावं. तिथे नामिबिया, रोमानिया, टोंगा अशा देशांचे संघ उतरले. गावं त्या त्या पाहुण्या संघाच्या पाठीशी उभी राहिली. वेल्सनं पंगत शेजाऱ्यांकडे मांडली होती. न्यूझीलंडनं ती आपल्याच वाड्या-वस्त्यांत मांडली. अंतिम सामना त्यांनी फ्रान्सविरुद्ध ८-७ असा एका गुणानं जिंकला. त्यांचे प्रशिक्षक होते ग्रॅहॅम हेन्री. १९९९ साली वेल्सच्या संघाचे प्रशिक्षक हेच होते.

आता जो हरला त्याचीही गोष्ट ऐका, कारण मागणाऱ्यांत हरणारेच जास्त असतात. आयर्लंडनं २०२३ चा विश्वचषक मागितला. विशेष म्हणजे राजकीयदृष्ट्या दोन तुकडे असलेल्या त्या बेटानं, उत्तर आणि दक्षिण दोघांनी मिळून, तो मागितला. १५ नोव्हेंबर २०१७ रोजी मतदान झालं. पहिल्या फेरीत फ्रान्सला १८, दक्षिण आफ्रिकेला १३ आणि आयर्लंडला ८ मतं. स्कॉटलंड आणि वेल्स या सख्ख्या शेजाऱ्यांनीही त्यांना मत दिलं नाही. पण आयर्लंडनं जी मैदानं दाखवली होती, त्यातली बरीच मुळात रग्बीची नव्हतीच. ती त्यांच्या मातीतल्या देशी खेळांची, गावोगावच्या मंडळांनी वर्गणी काढून उभी केलेली आणि सांभाळलेली. विश्वचषक आला नाही, तरी पुढच्या रविवारी त्या मैदानांवर गावातली पोरं खेळायला होतीच. ज्याच्या घरचं अंगण रोज झाडलेलं असतं, त्याला पावणा न आल्याचा तोटा फारसा होत नाही.

श्रोतेहो, हे सगळं दूरचं झालं. आता घरी येऊ.

डिसेंबर २०२३ च्या अखेरीस आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, बल्लारपूर तालुक्यातल्या विसापूरच्या क्रीडा संकुलात, ६७ वी राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाली. एकोणीस वर्षांखालच्या मुलामुलींची. देशभरातल्या राज्यांची पोरं आपल्याकडे धावायला, उड्या मारायला, भाला-गोळा फेकायला आली. अशा स्पर्धा आपण पुणे-मुंबई, दिल्ली-भोपाळ इथल्या ऐकतो. जंगलकाठच्या एका तालुक्याच्या गावानं ती घ्यावी, ही आमच्या भागापुरती वेल्सइतकीच मोठी गोष्ट. बल्लारशा हे दिल्ली-चेन्नई रेल्वेमार्गावरचं जंक्शन, त्यामुळे बाहेरच्यांना येणं सोपं. सिंथेटिक धावपट्टी, राहण्या-जेवण्याची सोय, पंच, डॉक्टर, सगळं उभं राहिलं. छोट्या जागेला हे जमत नाही, हे म्हणणं तिथे पुसलं गेलं.

मी दोन दिवस ती स्पर्धा बघायला होतो. आमच्या भागातले एक शिक्षक शेजारी बसले होते. एक शर्यत संपली, टाळ्या झाल्या आणि ते मला म्हणाले, "सर, हे सारे गेल्यावर आपल्या पोरायले इथं धावू देतीन ना?"

मला वाटतं, यजमानपणावरचे सगळे मोठे अहवाल या एका वाक्यात मावतात. लाल धावपट्टी दिसायला सुंदर असते, पण तिचं आयुष्य साधारण आठ-दहा वर्षांचं. निगा राखली नाही, तर त्याहून कमी. तिच्यावर गाड्या नेल्या, मांडवाचे खांब रोवले, सभा-मेळावे घेतले, तर ती उखडते. आणि कुलूप लावून नुसती जपून ठेवली, तरी ती ऊन-पावसानं जातेच. म्हणजे वापरली तरी झिजणार, न वापरली तरी झिजणार. मग पोरांच्या पायाखाली झिजलेली काय वाईट?

आणि पोरं म्हणजे कुठली? चंद्रपूर शहरातली, बल्लारपूरची तर येतीलच. पण आपल्या दोन जिल्ह्यांत सत्तावीस तालुके आहेत, पंधरा तिकडे आणि बारा गडचिरोलीत. गडचिरोली जिल्ह्याचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग जंगलानं व्यापलेला. भामरागडचा रस्ता पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुरानं कितीदा बंद पडला आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे. तिथल्या आश्रमशाळेतली मुलगी शाळेसाठी, सरपणासाठी, मोहफुलांसाठी मैलोन्‌मैल चालते. तिच्या पायात जे बळ आहे, त्याला चारशे मीटरची आखीव धावपट्टी दिसते ती प्रकल्पाच्या किंवा जिल्ह्याच्या स्पर्धेला, वर्षातून एकदा. तीही दिसली तर.

या पोरांना जमत नाही असं कोणी म्हणू नये. मे २०१८ मध्ये आदिवासी विकास विभागाच्या 'मिशन शौर्य'मधून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टवर पोचले. ज्यांनी बर्फ कधी पाहिला नव्हता, अशी ही मुलं. त्यांना निवडलं, शिकवलं, खाऊ-पिऊ घातलं, महिनोन्‌महिने सराव दिला, आणि ती चढली. ओडिशाच्या मुलांचंही तेच. निवड, राहण्याची सोय, शिक्षक आणि रोजचा सराव. यातलं एकही काम एका आठवड्याच्या स्पर्धेनं होत नाही. स्पर्धा हा त्या कामाचा सणाचा दिवस आहे.

म्हणून मला वाटतं, पुढच्या वेळी आपला जिल्हा एखादी मोठी स्पर्धा मागेल, तेव्हा मागणीच्या कागदावर दोन-चार ओळी जास्त लिहाव्यात. स्पर्धा संपल्यानंतर मैदान रोज किती ते किती उघडं राहील. दुर्गम तालुक्यांतली किती मुलं तिथे राहून सराव करतील आणि त्यांच्या जेवणाचा पैसा कुठून येईल. धावपट्टीची डागडुजी कोण करील. आणि एखादी फेरी, एखादा खेळ अहेरीला, आरमोरीला, सिरोंच्याला नेता येईल का, न्यूझीलंडनं नेला तसा. तालुक्या-तालुक्याला क्रीडा संकुल हे राज्याचं धोरण जुनंच आहे. त्या संकुलांत शिक्षक असणं आणि फाटक उघडं असणं, एवढंच मागायचं आहे.

हे आत्ताच बोलण्याचं कारण आहे. २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा अहमदाबादला देण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला, आणि २०३६ च्या ऑलिम्पिकसाठीही भारतानं इच्छा कळवली आहे. देश मोठा मांडव घालायला निघाला आहे. अशा वेळी मोठ्या शहरांत मोठी मैदानं होतील, त्यात वावगं काही नाही. पण २०३६ साली धावायचं असेल, ते पोर आज सहा-आठ वर्षांचं आहे. ते कोरचीत असेल, जिवतीत असेल, एटापल्लीच्या एखाद्या पाड्यावर असेल. त्याच्या वाट्याला मैदान यायचं, तर ते या पाच-सात वर्षांतच यायला हवं.

गडचिरोलीत आता लोहखनिज निघतं आहे, पोलादाचे कारखाने येत आहेत. चंद्रपुरात कोळसा आणि वीज आधीपासून आहे. वेल्सकडेही हे सगळं होतं. जमिनीखालचं धन कधीतरी संपतं, हे त्यांनी बघितलं आणि आपली नातवंडंही बघतील. वेल्सच्या दऱ्यांमधून खाणी गेल्या, पण तिथल्या गावांची रग्बीची मैदानं अजून आहेत आणि शनिवारी दुपारी तिथे पोरं असतात. आपल्याकडे आज खनिजाचा पैसा येतो आहे, तोवरच त्यातून गावोगावी एकेक सपाट, मोकळं मैदान आणि त्याच्याबरोबर एकेक चांगला खेळशिक्षक मागून घेतला पाहिजे. पावणे येतील तेव्हा येतील. त्यांच्यासाठी घालायचा तो मांडव आपल्या पोरांच्या अंगणातच घालू.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)